छोट्या वाचनालयासाठी कोहा: हो घ्या, पण आधी मराठी नोंदींचं बघा

तालुक्याचं वाचनालय, अठरा हजार पुस्तकं, बहुतेक मराठी, ग्रंथपाल एकच आणि पैसे नाहीत, तर पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळायला कोहा हे सॉफ्टवेअर घेऊ की ई-ग्रंथालय असं विचारलंय तुम्ही. मी कोहाच म्हणेन. ई-ग्रंथालय एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं, वाईट नाही, पण त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) खुला नाही, कोहाचा आहे. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने करून घेतलं, २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झालं आणि तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालतायत. शिवाय सगळ्या नोंदी मार्क फॉरमॅटमध्ये, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यात, बाहेर काढता येतात, म्हणजे उद्या नको वाटलं तर डेटा घेऊन दुसरीकडे जाता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

इन्स्टॉल करणं फार अवघड नाही, डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेज आहे, लिनक्स येणारा कॉलेजचा एखादा मुलगा करून देईल. खरं काम नोंदींचं. इंग्रजी पुस्तकाची नोंद झेड ३९.५० वरून (दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी शोधून आणायची सोय) आयती ओढता येते, पण मराठी पुस्तकांच्या अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत असतात, म्हणजे दाखल नोंदवही समोर ठेवून हातानेच टाइप करायचं. तुमची जुनी एक्सेल फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, तशीच चढवलीत तर सगळा कचरा दिसेल.

आणि सगळ्यांनी एकाच कीबोर्ड लेआउटने टाइप करा, प्लीज. ‘कादंबऱ्या’ मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडणारी खूण), स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कम्प्युटरला ते वेगळे, त्यामुळे पुस्तक कपाटात असूनही सर्चमध्ये सापडत नाही आणि वाचक परत जातो!! झेब्रा (कोहाचं एक सर्च इंजिन) वापरणार असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये सीएचआरऐवजी आयसीयू इंडेक्सिंग, म्हणजे युनिकोड समजणारी पद्धत, चालू करून पूर्ण रीइंडेक्स करा (सर्चची सूची नव्याने बनवा), देवनागरीसाठी ते लागतंच.

लेखकांच्या नावांची ऑथॉरिटी फाइलही, म्हणजे एकाच लेखकाची सगळी नावं जोडणारी यादी, पहिल्यापासून करा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण कविता एका नावावर आणि नाटकं दुसऱ्या नावावर, त्या दोन नोंदी जोडल्या नाहीत तर वाचकाला अर्धीच पुस्तकं दिसणार. दिवाळी अंकांना वेगळा आयटम टाइप (कोहातला पुस्तकाचा प्रकार) द्या, त्यांचे देवघेवीचे दिवस आणि दंड वेगळे ठेवता येतात, दिवाळीनंतरच्या गर्दीत फार उपयोग होतो.

सगळ्या पुस्तकांच्या नोंदी एकदम करायला जाऊ नका. जे पुस्तक देवघेवीत काउंटरवर येतं त्याची नोंद त्याच दिवशी करायची, म्हणजे फिरणारी पुस्तकं आपोआप आधी होतात, कपाटातली मागून सावकाश.

बॅकअप कोहा रोज रात्री स्वतःच घेतं, पण त्याच मशीनवर, म्हणून ती फाइल आठवड्यातून एकदा तरी पेनड्राइव्हवर काढून वाचनालयाबाहेर कुणाकडे तरी ठेवा आणि मधूनमधून दुसऱ्या कम्प्युटरवर रिस्टोअर करून बघा.