कुंडीतलं लिंबाचं झाड तीन वर्षं नुसतंच वाढतंय, फूल का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला सहाव्या मजल्यावर बाल्कनीत लिंबाचं झाड आहे, तीन वर्षांत डोक्याच्या वर गेलं, पानं हिरवीगार, दोन्ही वेळा पाणी आणि दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालता, तरी एक फूल नाही. आमच्या बोरिवलीच्या घरी हेच चार वर्षं चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सांगा, रोप आणलं कुठून? बाजारातल्या लिंबाची बी रुजवली असेल तर एवढ्यात फुलाची वाटच बघू नका. बियांच्या कागदी लिंबाला जमिनीतसुद्धा पाच-सहा वर्षं सहज लागतात. एक बरं आहे, कागदी लिंबाच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच वळणावर जातात, त्यामुळे धीर धरला तर सहसा फसगत होत नाही. नर्सरीतून कलम किंवा गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आणली असेल तर मात्र एव्हाना फुलायला हवं होतं.

कलम असेल तर खाली बसून बुंधा नीट बघा. मातीच्या थोडं वर गाठ दिसेल. त्या गाठीच्या खालून फुटलेली फांदी तुमच्या लिंबाची नव्हे, खालच्या खुंटाची. हा खुंट बहुधा जंबेरीचा नाहीतर रंगपूरचा, म्हणजे लिंबाच्याच दुसऱ्या दणकट जातींचा असतो आणि त्याचा जोर दांडगा. दिसली की मुळापासून काढा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वरचं कलम कधीच वाळून गेलं होतं आणि त्या 'काय छान वाढलंय गं' म्हणत खुंटालाच खत घालत होत्या. शेवटी फळं लागली ती जाड, खडबडीत सालीची. जंबेरी! तशीच गाठीच्या वरही एखादी फांदी सरळसोट, काट्याकाट्यांची, आकाशाकडे पळत असेल तर ते पाणसोट, म्हणजे नुसतीच वाढणारी फांदी. तुमचं झाड डोक्याच्या वर गेलंय म्हणजे दोन-तीन पाणसोट बहुधा असणार. तेही छाटा, पण बाकी झाडाला कात्री लावू नका.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मामांची श्रीगोंद्याकडे लिंबाची बाग आहे. एका दिवाळीत ते आमच्याकडे आले, चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी गेले, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "ह्याला कधी तहान लागू देतेस का गं?" तिथेच मला माझी चूक कळली. शेतकरी बहार धरतात, म्हणजे झाडाला ठरावीक हंगामात फुलं आणतात, तेव्हा आधी पाणी तोडतात. झाडाला ताण बसला की पालवी थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि मग पाणी मिळालं की नवी फूट येते ती कळ्या घेऊन. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फुलतो. हस्ताची लिंबं उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतात, म्हणून शेतकऱ्याचा जीव त्यात. कुंडीवाल्याने आंबे बहार धरावा, कारण डिसेंबरात मुंबईत पाऊस नसतो आणि ऊनही बेताचं असतं.

मी मात्र उतावीळपणाने पुढच्या मे महिन्यात पाणी तोडलं आणि वर पुण्याला लग्नाला पाच दिवस गेले. परत आले तर पानं पापडासारखी, हात लावला की गळत होती. झाड वाचलं, पण सावरायला सगळा पावसाळा गेला.

तेव्हा डिसेंबरच्या मध्याला पाणी बंद करा आणि रोज सकाळी झाड बघा. दुपारी पानं मलूल होऊन रात्रीत सावरतात तोवर चालू द्या. सकाळीसुद्धा पानांनी मान टाकलेली दिसली की ताण पुरे झाला. आमच्या कुंडीला आठेक दिवस लागतात, तुमची मोठी असेल तर जास्त लागतील. दिवस मोजू नका, पानं बघा. मग वरची दोन बोटं माती उकरा, दोन-तीन ओंजळी मुरलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. पहिल्या दिवशी बेताचं पाणी, दुसऱ्या दिवशी खालच्या भोकातून येईपर्यंत. त्यानंतर पुन्हा उपास नको, फळ धरल्यावर पाणी चुकलं तर ते गळतं. वाटाण्याएवढी झाल्यावर बरीच गळतातच, त्याने घाबरू नका, झाड आपल्याला झेपतील तेवढीच ठेवतं. फुलापासून लिंबू हाती यायला पाचेक महिने धरा, म्हणजे जून-जुलै.

आणि ते पंधरवड्याचं गांडूळखत थांबवा. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा भरपूर झालं. चहाचा चोथा, कांद्याची सालं, ताक, अंड्याची टरफलं हे सगळं मीही करून बघितलंय. त्यातून चिलटं तेवढी आली.

ऊन किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. थेट ऊन पाच-सहा तास हवं, 'उजेड भरपूर आहे' याला लिंबू विचारत नाही. आमच्या समोर टॉवर उभा राहिला तेव्हा झाड पश्चिमेच्या खिडकीत हलवावं लागलं. अठरा इंची कुंडी ओल्या मातीसकट दोघांना उचलत नव्हती, तेव्हा ग्रिलवर ठेवायच्या आधी ग्रिलचे बोल्ट बघा आणि खालून माणसं जातात हे लक्षात ठेवा.

पाणी कुठल्या नळाचं घालता? बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला बोअरचं पाणी असतं आणि सोय म्हणून बाथरूममधून बादली भरली जाते. मातीवर पांढरा थर आला आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुतेक लोह कमी पडतंय. खारट-जड पाण्यात ते मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. पिण्याच्या नळाचं पाणी घाला.

पानांवर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. नवी पालवी आली की लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारा. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही पानावर दिसलं तर पुसू नका, आधी काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर येतील आणि उग्र वास सुटेल. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. माझा मुलगा लहान असताना आम्ही एक फांदी अळ्यांना सोडून द्यायचो. झाड मोठं आहे तुमचं, दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. दहा-बारा झाल्या तर मात्र उचला.

गाठीबद्दल खात्री नसेल तर बुंध्याचा जवळून फोटो टाका, आणि एक पान गाठीच्या वरच्या फांदीचं, एक खालच्या, शेजारी शेजारी ठेवून.