भिंतीवरचा टीव्ही कोसळला; सही माझी, मग चूक कुणाची?

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. दुकानातून ५५ इंची टीव्ही घेतला, बिलावर 'इन्स्टॉलेशन मोफत' लिहिलं होतं. दुकानानं पाठवलेल्या टेक्निशियननं हॉलमधल्या जिप्सम पार्टिशनवर टकटक करून पाहिलं, 'भिंत पोकळ वाटतेय, पण चालेल' म्हणाला आणि टीव्ही लावला. पुढं ओढता येणाऱ्या ब्रॅकेटचे पैसे त्यानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले, पावती दिली नाही. जाताना फोनच्या स्क्रीनवर माझी सही घेतली. पाच महिन्यांनी मध्यरात्री टीव्ही ब्रॅकेटसकट खाली आला, खालचा लॅपटॉपही फुटला. कंपनी म्हणते, फिजिकल डॅमेज वॉरंटीत नाही. दुकान म्हणतं, माणूस आमचा नव्हे, एजन्सीचा. एजन्सी माझी सही दाखवते : 'भिंतीच्या मजबुतीची जबाबदारी ग्राहकाची'. घरमालक डिपॉझिटमधून अख्खं पार्टिशन नवं करायचं म्हणतात. मुलगी रोज तिथंच खेळते. तिला काही झालं असतं तर? मी कुणावर दावा करू?

उत्तर : आधी मला सांगा, भिंत बुजवून घेतलीत का? नसेल तर इतक्यात हात लावू नका. दाव्याचं पुढं बघू. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार ती भिंतच आहे. माझ्या एका पक्षकारानं पाहुणे येणार म्हणून लांबी-रंग करून घेतला आणि मग माझ्याकडं आला. त्याच्याजवळ दाखवायला फक्त गुळगुळीत भिंत उरली होती.

वीट-सिमेंटच्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी स्क्रूनं फुगते आणि चारी बाजूंनी घट्ट बसते. जिप्सम बोर्ड असतो जेमतेम १२.५ मिमी जाडीचा, मागं पोकळी. गिट्टीला फुगून धरायला तिथं काहीच नसतं. अशा भिंतीवर जड वस्तू टांगायची तर स्क्रू बोर्डामागच्या चॅनेलमध्ये (बोर्ड ज्यावर बसवतात त्या पत्र्याच्या पट्टीत) जायला हवेत, किंवा मागं प्लाय हवा. वजन बेताचं असेल तर निदान मागच्या बाजूनं पंख उघडणारे पोकळ भिंतीचे अँकर तरी हवेत. त्यात तुमचं ब्रॅकेट पुढं येणारं. पाण्यानं भरलेली बादली अंगालगत धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे वरच्या स्क्रूंवर काय ओढ येत असेल ते कळेल. ५५ इंची टीव्ही स्टँडशिवाय साधारण १५ ते २० किलोंचा असतो.

म्हणून आजच फोटो घ्या, भोकांशेजारी पट्टी धरून. गिट्ट्या बाहेर आल्या असतील तर त्या स्क्रूंसकट पिशवीत घालून ठेवा, ब्रॅकेट टाकू नका. भिंतीवरून साधं लोहचुंबक फिरवा. जिथं ते चिकटेल तिथं बोर्ड चॅनेलला स्क्रूनं बसवलेला आहे. तिथं पेन्सिलीनं खूण करून पुन्हा फोटो घ्या. ब्रॅकेटची भोकं त्या रेषेवर नसतील, तर तुमचं निम्मं काम झालं. मग पार्टिशनची कामं करणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाकडून किंवा सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणीचा सहीनिशी अहवाल घ्या. त्याआधी कंपनी, दुकान आणि एजन्सी तिघांना ईमेल आणि पत्रानं कळवा : 'अमुक तारखेपर्यंत पाहणीला या, त्यानंतर दुरुस्ती करणार आहोत.' न आले तर तो त्यांचा प्रश्न. पुरावा तुम्ही नष्ट केला असं मग त्यांना म्हणता येणार नाही.

आता वॉरंटी. तो वाद घालूच नका. वॉरंटी बनावटीतल्या दोषासाठी असते आणि तुमच्या टीव्हीत दोष नव्हताच. तुमची तक्रार आहे सेवेतल्या त्रुटीची, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) खाली. ग्राहक वॉरंटीच्याच नावानं भांडत राहतो, आणि त्या कागदावर कंपनीची बाजू खरी असते.

इथं समोरचे वकील पहिलं बोट ठेवतील ते 'मोफत' या शब्दावर. कलम २(४२) प्रमाणं पूर्णपणे फुकट दिलेली सेवा ही कायद्याच्या अर्थानं सेवाच नव्हे. यावर आपलं उत्तर असं, की बसवून देणं हा विक्रीचाच भाग होता आणि त्याची किंमत टीव्हीच्या किमतीत आलेली आहे. 'मोफत' लिहून दुकानानं गिऱ्हाईक ओढलं, धर्मादाय काम केलं नाही. शिवाय ब्रॅकेटचे पैसे तर वेगळे दिलेत. पावती नाही म्हणून घाबरू नका. पैसे गेल्याची नोंद तुमच्या बँकेच्या उताऱ्यात आहे. त्या दिवसाचा जॉबकार्ड (कामाच्या नोंदीचा कागद) नंबर आणि दुकानाकडून आलेला मेसेज सोबत जोडला, की तो माणूस कुणाच्या वतीनं आला होता ते उघड होतं. कुणी कुणाला ठेका दिला, हा त्यांचा घरगुती मामला. तुमच्या दारात तो दुकानाच्या नावावर आला. तिघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, करा. स्क्रीनशॉट आणि मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

राहिली सही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : 'भिंत पोकळ वाटतेय, पण चालेल.' म्हणजे धोका त्याच्या लक्षात आला होता. बोर्डामागं चॅनेल कुठं आहे हे गृहिणीला, किंवा माझ्यासारख्या वकिलालाही, ठाऊक असण्याचं कारण नाही. ते ओळखण्यासाठीच तर जाणकार माणूस बोलावतात. काम उरकल्यावर फोनवर बोट फिरवून घेतलेल्या सहीनं त्याचं हे कर्तव्य तुमच्या गळ्यात पडत नाही. पण एक प्रामाणिकपणे आठवा : 'इथं नको' असं तो म्हणाला आणि तुम्ही 'नाही, इथंच लावा' असा हट्ट धरलात, असं तर झालं नाही ना? झालं असेल तर तुमची बाजू बरीच पातळ होते, आणि ते मला आत्ता कळलेलं बरं. नसेल, तर त्या वेळी घरात जे कोणी होतं त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. आयोगापुढं सुनावणी मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवरच चालते.

तुम्ही सही केलेला हा फॉर्म 'अनुचित करार', म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, आहे अशी मागणी मात्र मुख्य तक्रारीत घुसडू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडं चालत नाहीत, त्या राज्य आयोगाकडं जातात. तुम्हाला उगाच लांबचा वळसा पडेल.

लॅपटॉपचंही मागा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या 'उत्पादन दायित्व' (वस्तूमुळं किंवा तिच्या सेवेमुळं झालेल्या हानीची जबाबदारी) या भागात कलम ८५ आहे. वस्तूची सेवा देणाऱ्यानं निष्काळजीपणा केला किंवा पुरेशी सूचना दिली नाही, तर होणाऱ्या हानीला तो जबाबदार. गंमत अशी, की मालमत्तेपुरतं बोलायचं तर या भागात 'हानी' धरतात ती इतर मालमत्तेची. खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणून टीव्हीची रक्कम सेवेतल्या त्रुटीखाली मागायची आणि लॅपटॉपची दोन्हीखाली. मुलीला लागलं असतं, ही धास्ती मी समजू शकतो, पण जे घडलं नाही त्याची भरपाई मिळत नाही. मानसिक त्रासापोटी बेताची रक्कम मागा. फुगवलेला आकडा पाहिला की बाकीच्या मागण्यांकडंही संशयानं पाहिलं जातं.

तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, कलम ३४ प्रमाणं. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. (हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय देतोय.) मुदत दोन वर्षांची, कलम ६९. ती टीव्ही पडला त्या दिवसापासून मोजायची असं आपण म्हणू. ते कदाचित बसवला त्या दिवसापासून म्हणतील. तेव्हा बसवल्यापासून दोन वर्षं व्हायच्या आत दाखल करा, म्हणजे तो वादच उरणार नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा, कधी कधी तिथंच तडजोड होते. पोलिसांत जाण्यात मात्र अर्थ नाही, मुद्दाम केलेलं नुकसान हे नव्हे.

घरमालकांपुढं तुमची बाजू थोडी लंगडी आहे. भोकं तुम्ही पाडून घेतलीत, तेव्हा त्यांच्यापुरती जबाबदारी तुमची. पण किती? फाटलेला भाग चौकोनी कापून तिथं नवा तुकडा बसवता येतो, सांध्यावर टेप आणि लांबी, मग रंग. जिप्समची हीच तर सोय आहे. प्रत्यक्ष दुरुस्तीला लागेल तेवढंच त्यांना कापता येईल, अख्ख्या पार्टिशनचं नाही. पाहणीच्या अहवालातच हा खर्च लिहून घ्या आणि तो सामनेवाल्यांकडून मागण्याच्या यादीत घाला. भाडेकरारात भिंतीला भोक पाडायला लेखी परवानगी हवी, असं कलम आहे का ते मला कळवा. असेल तर उत्तराचा सूर बदलेल.

नवा टीव्ही त्याच भिंतीवर लावायचा असेल तर मालकांची परवानगी मेसेजवर का होईना, घ्या. आणि काम सुरू होण्याआधीच जॉबकार्डवर टेक्निशियनच्या हातानं लिहून घ्या : स्क्रू कशात बसवणार, चॅनेलमध्ये, प्लायमध्ये की नुसत्या बोर्डात. तो लिहायला कचरला, तर त्या दिवशी टीव्ही टेबलावरच राहू द्या.