मोनोवायचं दुसरं माणूस

प्रश्न: अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं खेडं आहे. 2010 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 1 होती, 2020 मध्ये 2 झाली असं वाचलं. हे दुसरं माणूस कोण? गाव पुन्हा वसतंय का?

उत्तर: दुसरं माणूस नाहीच. ते गणिताने घातलंय, तेही मुद्दाम.

मी 26 वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आकड्यांच्या गोपनीयतेचा धडा आला की मुलं जांभया द्यायची, म्हणून शेवटी शेवटी मी सुरुवातच मोनोवायपासून करायचे. जनगणनेत सांगितलेली माहिती कुणा एकाची म्हणून ओळखू येता कामा नये, असा तिथला कायदा आहे. नावांसकटच्या नोंदी 72 वर्षं कुलपात राहतात. 1950 च्या नोंदी 2022 मध्ये खुल्या झाल्या. पण नावं झाकून काय होणार? गावात राहणारं एकच माणूस असेल तर तक्त्यातला रकाना न् रकाना त्याचाच. वय त्याचं, वंश त्याचा, घर मालकीचं की भाड्याचं तेही त्याचंच. म्हणून 2020 पासून ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ नावाची पद्धत आली. गावपातळीच्या आकड्यांत फासे टाकल्यासारखी थोडी बेरीज-वजाबाकी करून मगच ते छापतात.

राज्याची एकूण संख्या मात्र जशीच्या तशी ठेवतात. नेब्रास्काची होती 19,61,504. म्हणजे मोनोवायला जे एक माणूस वाढलं, ते नेब्रास्कातल्याच दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या खात्यातून वजा झालेलं असणार! (घरांची एकूण संख्या या खेळातून वगळलेली असते. छोट्या गावाचा अंदाज घ्यायचा तर मी आधी तिकडे बघते.)

गंमत अशी की जिची ओळख झाकायची, ती बाई जगभरच्या वर्तमानपत्रांत आधीच झळकलेली. गावची महापौर तीच, कारकून तीच, खजिनदार आणि ग्रंथपालही तीच. दारूच्या परवान्यासाठी अर्ज करणारी तीच आणि तो मंजूर करणारीही तीच. दरवर्षी रस्त्यांचा आराखडा राज्याकडे पाठवायचा, म्हणजे गावाचा निधी चालू राहतो.

वसण्याबद्दल विचारलंत, तर नाही. 1902 च्या सुमाराला रेल्वे आली तेव्हा गाव उभं राहिलं, 1930 च्या दशकात माणसं दीडशेच्या घरात गेली. पुढे यंत्रं आली, शेतं एकमेकांत मिसळून मोठी झाली, आणि तेवढीच जमीन कसायला थोडी कुटुंबं पुरेशी ठरली. पोस्ट, शाळा, दुकानं मिटली, रेल्वेही गेली. 2000 मध्ये नवरा-बायको दोघंच उरले होते. 2004 मध्ये नवरा वारला. त्याने जमवलेल्या सुमारे 5,000 पुस्तकांचं वाचनालय मात्र बाईंनी उघडलं. प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानी प्रदेशात, अशी विरलेली गावं पुष्कळ आहेत. बहुतेकांचा फलकसुद्धा उरलेला नाही.

एकदा महामार्ग 12 वरून जाताना मी मोनोवायला थांबले होते. हिरव्या फलकावर गावाचं नाव आणि पुढे नुसता 1. पुढची शून्यं पुसली गेली असतील असं वाटून मी गाडी मागे घेऊन पुन्हा वाचला. आत बाईंच्या खानावळीत भर दुपारी मी 11 डोकी मोजली (सवय, दुसरं काय). मी सोडून सगळी आसपासच्या शेतांवरची आणि शेजारच्या लिंच गावची. जनगणना मोजते ती माणूस राहतं, झोपतं कुठे ते. त्यामुळे त्या अकरांतली दहा माणसं रात्री दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या आकड्यात जाऊन पडली, आणि अकरावी मी होते.