जर्मेनियम की सिलिकॉन? वाचकांच्या शंका

जुन्या धाटणीचे प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे सर्किट) बांधणाऱ्यांची आणि माळ्यावरचे टेपरेकॉर्डर खाली काढणाऱ्यांची पत्रे वाढली आहेत. जर्मेनियमच्या आणि सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरबद्दलच्या शंका मात्र त्याच त्या, म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

जर्मेनियमचा आवाज उबदार आणि सिलिकॉनचा कोरडा, हे खरे का?

ऐकीव आहे. ज्या नीव्ह १०७३ प्रीअ‍ॅम्पच्या ‘उबदार’ आवाजाचे गोडवे गायले जातात, तो १९७० सालचा आणि पूर्ण सिलिकॉनचा. त्याच्या शेवटच्या टप्प्यात चक्क टूएन ३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर आहे, जो लोक पॉवर सप्लायमध्ये वापरतात! लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतला ईएमआयचा टीजी १२३४५ कन्सोलही (आवाज मिसळायचे टेबल) सिलिकॉनचाच. बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ १९६९मध्ये बराचसा त्यावरच रेकॉर्ड झाला. आवाजाचा स्वभाव ठरतो तो सर्किटची रचना, ट्रान्सफॉर्मर आणि सिग्नल किती जोरात ढकलता यावर. पदार्थ बदलला की गोडवा येतो, हे विकणाऱ्यांचे म्हणणे.

एसी १२८ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मिळत नाही. त्या जागी त्याच ध्रुवतेचा, म्हणजे पीएनपी, सिलिकॉनचा लावला तर चालेल?

नुसता काढून लावला तर नाही. जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्टला चालू होतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा ठरावीक व्होल्टेज, तसाच ठेवलात तर सिलिकॉन अर्धवट झोपेत राहील आणि आउटपुट जोडीत हळू आवाज खरखरीत, तुटक येईल. उलट, सिलिकॉनच्या बायसवर जर्मेनियम लावलात तर तो तापत तापत जळेल. बायसचे रेझिस्टर नव्याने काढावे लागतात. ते जमत नसेल तर सर्किटचा नकाशा घेऊन जाणत्या माणसाकडे जा.

सोलापूरला राहतो. मे महिन्यात दुपारी प्रीअ‍ॅम्पचा आवाज फाटतो, रात्री ठीक असतो. ट्रान्झिस्टर गेला का?

गेला असेलच असे नाही. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की जर्मेनियमची गळती (सिग्नल नसतानाही आतून वाहणारा करंट) दुप्पट होते. म्हणजे २५ अंशांवरून ४५वर जाताना चौपट. बायस सरकतो आणि आवाज फाटतो. यंत्र ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा. तरीही फाटत असेल तर गळती मोजून घ्या. कशी, ते पुढच्या उत्तरात.

ऑनलाइन ‘निवडक, हाय गेन’ जर्मेनियमची जोडी महागात घेतली. मल्टीमीटरवर गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) १२० दाखवतो. चांगली आहे ना?

हा प्रश्न आला की माझे डोके तापते, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. साधा मल्टीमीटर बेस या एका पायात थोडा करंट देतो, कलेक्टर या दुसऱ्या पायातून एकूण किती वाहिला ते पाहतो आणि भागाकार दाखवतो. सिलिकॉनला ते पुरते, कारण त्याची गळती नगण्य. जर्मेनियम मात्र बेस मोकळा असतानाही वाहतो. समजा बेसला १० मायक्रोअँपिअर दिले आणि कलेक्टरला १.२ मिलिअँपिअर मिळाले. मीटर म्हणतो १२०. पण त्यातले ०.५ मिलिअँपिअर नुसती गळती असेल, तर खरा गेन ७०. म्हणजे जितका गळका माल तितका ‘हाय गेन’, आणि किंमतही चढी! वर गळक्या ट्रान्झिस्टरची सूंसूं जास्त, ती पहिल्याच टप्प्यात आली की पुढे प्रत्येक टप्पा तिला मोठी करत नेतो.

मोजणे अवघड नाही. पीएनपी असेल तर एमिटर हा तिसरा पाय ९ व्होल्ट बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरवर १.१ व्होल्ट दिसले तर गळती ०.५ मिलिअँपिअर. हात लावल्यावर काही मिनिटे थांबा. बोटाच्या उबेनेही आकडा चढताना दिसतो. ०.३ मिलिअँपिअरच्या वरचा नग मी पहिल्या टप्प्यात लावत नाही. विक्रेता गळतीचा आकडा आणि कोणत्या तापमानाला मोजला ते सांगत नसेल, तर घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की ऑनलाइन, जुने छाप पुसून नवे मारलेला मालही फिरतो. शंका असेल तर पैसे देण्याआधी कुणाकडून तरी मोजून घ्या.

ओसी ७१ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काचेवरचा काळा रंग खरवडून आत पाहू का?

नको. आत प्रकाश गेला की तो प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागतो आणि ट्यूबलाइटची घूं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येईल.

जर्मेनियमचा प्रीअ‍ॅम्प आणि सिलिकॉनचे इफेक्ट एकाच अ‍ॅडॉप्टरवर चालवू का?

पीएनपीच्या अनेक जुन्या सर्किटांत प्लस हाच ग्राउंड असतो. तसे असेल तर केबल जोडताच सप्लाय शॉर्ट. वेगळा सप्लाय घ्या.

वडिलांचा स्पूल टेपरेकॉर्डर वीस वर्षे बंद होता. मध्यंतरी लावला तर घूं येत होती, पण चालत होता म्हणून तसाच वापरतोय. ट्रान्झिस्टर बदलावेत का?

आधी वापरणे थांबवा. ट्रान्झिस्टरचा नंबर नंतर. सुकलेले फिल्टर कपॅसिटर हे घूं येण्याचे पहिले संशयित, आणि दोन टप्प्यांना जोडणारा कपलिंगचा एखादा कपॅसिटर गळू लागला की त्याच्यामागे धडधाकट ट्रान्झिस्टरही जातो. ‘चालतंय ना’ म्हणत महिने काढायचे आणि जळल्यावर पत्र लिहायचे, हे आता पुरे. मेन्सची बाजू घरी उघडू नका. या आठवड्यातच दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा, आणि कपॅसिटर तपासण्याआधी ट्रान्झिस्टर काढू नकोस असे त्याला बजावून सांगा.

घरी बेलचे जुने एसी १२८ डबाभर आहेत. टाकून देऊ?

अजिबात नको. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा माल आहे तो. एकेक मोजा, कमी गळतीचे वेगळे ठेवा. सोल्डर करताना उष्णता आत जाऊ नये म्हणून ट्रान्झिस्टरच्या पायाला चिमटा लावायला विसरू नका.