फोन आणि संगणक सिंक करायला ओपन सोर्समध्ये काय वापरावं?

तुम्ही विचारलंय की अँड्रॉइड फोनमधले फोटो, नोट्स, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर संगणकावर आपोआप यावेत, कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर काही जाऊ नये, आणि हे सगळं करणारा एकच ओपन सोर्स प्रोग्राम हवाय. एकाच प्रोग्रामचा हट्ट सोडा, असं मी सांगेन. फायली आणि कॉन्टॅक्ट ही मुळात वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच्याच गळ्यात घालायला गेलात तर एकही धड होत नाही.

फायलींसाठी सिंकथिंग. मी रोज वापरतो आणि अगदी मनापासून सुचवतो. मधे सर्व्हर ठेवावा लागत नाही, फोन आणि संगणक थेट एकमेकांना फायली देतात, त्याही एनक्रिप्ट करून. संगणकावर सुरू केलं की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर त्याचं पान उघडतं. तिथे डिव्हाइस आयडी दिसतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. तो टाइप करत बसू नका, शेजारच्या क्यूआर कोडवर फोन धरला की झालं. मग फोनवरचं कॅमेऱ्याचं फोल्डर शेअर करा आणि संगणकावर ते स्वीकारा.

फोनवरच्या ॲपबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. जुन्या लेखांमध्ये अजून त्याचंच नाव सापडेल. आता त्याच ॲपची दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती, सिंकथिंग-फोर्क घ्यायची, ती एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या स्टोअरवर मिळते. बसवल्यावर लगेच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्यावरचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्याच वेळात अँड्रॉइड ॲपला झोपवतं, आणि लोक सिंकथिंगलाच नावं ठेवतात. बॅटरीची काळजी वाटत असेल तर फक्त वाय-फायवर आणि चार्जिंगला असतानाच चालावं, अशी अट ॲपमध्येच घालता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंक म्हणजे बॅकअप नाही. फोनमध्ये जागा करायला तुम्ही फोटो उडवलेत की ते संगणकावरूनही उडतील, कारण दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच त्याचं काम आहे. फोनवर 'सेंड ओन्ली' आणि संगणकावर 'रिसीव्ह ओन्ली' ठेवलंत तरी हे टळत नाही. त्याने फक्त संगणकावरचे बदल फोनवर जात नाहीत. म्हणून त्या फोल्डरला संगणकाच्या बाजूने फाइल व्हर्जनिंग, म्हणजे बदललेल्या किंवा उडवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती राखायची सोय, लावाच. संगणकाच्याच बाजूने अशासाठी, की दुसऱ्या डिव्हाइसवरून आलेला बदल जिथे लागू होतो, तिथेच जुनी प्रत राखली जाते. 'ट्रॅश कॅन' प्रकार निवडलात तर फोनवर उडवलेला फोटो संगणकावर त्या फोल्डरमधल्या .stversions या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. किती दिवसांनी तो कायमचा जावा, तेही ठरवता येतं. शून्य दिवस लिहिलं तर तो तिथेच राहतो. कायम जपायचे फोटो मात्र त्या फोल्डरमधून उचलून वेगळ्या जागी ठेवा.

नोट्सच्या बाबतीत दुसरा घोळ होऊ शकतो. एकच फाइल सिंक होण्याआधी दोन्हीकडे बदललीत तर सिंकथिंग त्या दोन्ही एकत्र करत नाही. एक जशीच्या तशी ठेवतं आणि दुसरीच्या नावात sync-conflict, तारीख आणि वेळ घालून ती शेजारी ठेवतं. गेलं काहीच नसतं, फक्त हाताने जुळवावं लागतं. म्हणून सगळं एका लांबलचक फाइलमध्ये लिहिण्यापेक्षा छोट्या-छोट्या फायली केलेल्या बऱ्या. पासवर्ड साठवायची कीपास फाइल अशी दुभंगली तर ती उघडणाऱ्या कीपासएक्ससी या प्रोग्राममध्ये दोन डेटाबेस एकत्र करायची सोय आहे, ती वापरा.

कॉन्टॅक्ट सिंक करायला कार्डडॅव्ह आणि कॅलेंडरला कॅलडॅव्ह ही प्रमाणित पद्धत आहे. फोनवर डॅव्हएक्स५ हे सिंक करणारं ॲप, संगणकावर थंडरबर्ड हा ईमेल-कॅलेंडरचा प्रोग्राम आणि मधे तुमच्याच मशीनवरचा एक छोटा सर्व्हर. एवढ्यासाठी नेक्स्टक्लाउड या स्वतः चालवायच्या मोठ्या क्लाउडचा पसारा नको. रॅडिकाले हा छोटा सर्व्हर पुरतो, आणि तो सगळा डेटा साध्या .vcf आणि .ics फायलींमध्ये ठेवतो, त्यामुळे पुढे कधी सोडून जायचं झालं तर अडकून पडत नाही. तो मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरूनच आलेली जोडणी, ५२३२ पोर्टवर स्वीकारतो. फोनला दिसायला कॉन्फिगरेशनमध्ये कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती ओळ बदलावी लागते, आणि बदलण्याआधी पासवर्ड लावा. डॅव्हएक्स५ प्ले स्टोअरवर विकत आहे, एफ-ड्रॉइडवर फुकट. दोन्हीकडे ॲप तेच.

फोनमध्ये आधीपासून असलेले कॉन्टॅक्ट या नव्या खात्यात आपोआप जात नाहीत. आधी ते .vcf मध्ये एक्स्पोर्ट करा, मग डॅव्हएक्स५चं खातं निवडून इम्पोर्ट करा, आणि यापुढे नवा नंबर सेव्ह करताना तेच खाते डीफॉल्ट ठेवा.

कॉपी केलेला मजकूर किंवा एखादी फाइल पटकन इकडून तिकडे द्यायची एवढंच असेल, तर केडीई कनेक्ट हे ओपन सोर्स ॲप फोन आणि संगणक दोन्हीकडे बसवा. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर असूनही एकमेकांना दिसत नसतील तर फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट उघडा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही.