प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर नवरा माझ्यापासून लांब राहतो. त्यांचं मन उडालंय का? मी काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान ६३ वर्षांचे आहेत, ऑपरेशनला पाच महिने झाले, पीएसए, म्हणजे रक्तातली प्रोस्टेटची तपासणी, जवळजवळ शून्यावर आलाय. डॉक्टर समाधानी, मुलं निश्चिंत. फक्त हे बाहेरच्या खोलीत झोपायला लागलेत, हात लावला की अंग चोरतात आणि विचारलं की ‘मला काही झालेलं नाही’ एवढंच म्हणतात. त्यांना आत बोलवावं की तसंच राहू द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मन उडालंय असं मला वाटत नाही. आमच्या घरात अगदी हेच झालं होतं आणि तेव्हा मीही हाच अर्थ काढला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सांगलीचे. २०१६ साली ह्यांचं ऑपरेशन पुण्यात झालं, रोबोटनं. तेव्हा हे साठीचे, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. लघवीची नळी दहा दिवस होती. ते दहा दिवस खरं तर सोपे गेले. पिशवी मी रिकामी करायचे, किती मिली झाली ते वहीत लिहायचे, दोघांनाही काम होतं. नळी काढली आणि दुसऱ्या दिवसापासून हे गप्प झाले. लघवी ठिबकणार हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण एका वाक्यात. खुर्चीतून उठलं की, शिंक आली की, नातवाला उचललं की कपडे ओले होतील, असं कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. पहाटे चारला उठून हे मोरीत स्वतःचे कपडे धुवायचे, नळ अगदी बारीक सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी जागी असायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे. मला वाटायचं, ह्यांना मी जवळ नकोय.

दीड महिन्यानं मी भाजी आणायला स्कूटर घेऊन गेले. मेथीच्या जुड्या ठेवायला डिकी उघडली तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच-सहा पुड्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला. वासावरून कळलंच. वापरलेले पॅड होते. आमच्याकडे घंटागाडीवरची बाई ओला-सुका कचरा बघून घेते, तिला दिसायला नको म्हणून हे त्या पुड्या दोन दिवस डिकीत साठवत आणि लांबच्या कुंडीत टाकून येत.

मी मंडईत तशीच उभी राहिले. ताई, ती पुडी माझी होती. न्हाणं आल्यापासून पन्नाशीपर्यंत मी दर महिन्याला अशाच पुड्या बांधल्या. आईनं शिकवल्या होत्या, आणि वडिलांच्या, भावांच्या, पुढे नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवल्या होत्या. ती लाज मला आतून माहीत होती. हे माझा राग करत नव्हते, मी जे केलं तेच करत होते.

त्या रात्री मी जुना पेपर घेऊन ह्यांच्या पलंगावर बसले. म्हटलं, ‘दोरा बांधू नका, सुटतो. ओली बाजू आत घेऊन आधी पॅड घट्ट गुंडाळायचा, मग त्यावर पेपर, आणि टोक आत खोचायचं.’ एक नवा पॅड घेऊन करून दाखवलं. ह्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग रडले. चाळीस वर्षांच्या संसारात सासूबाई गेल्या तेव्हा रडलेले पाहिले होते, त्यानंतर हेच. दुसऱ्या दिवसापासून पॅड माझ्या किराणा यादीत आले, ह्यांच्या गादीवर मेणकापड आलं, आणि पहाटेचं धुणं बंद झालं.

आता शरीरात काय झालंय ते सांगते. ते दोघांनाही कळलं की निम्मी भीती जाते. प्रोस्टेट ही पुरुषातली ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्यातून जातो. लघवी अडवून धरायला पुरुषाला दोन झडपा असतात म्हणा. त्यातली वरची ऑपरेशनमध्ये बरीचशी जाते आणि सगळं काम खालच्या स्नायूवर पडतं. तो स्नायू दिवसभर राबून दमतो, म्हणून संध्याकाळी जास्त ठिबकतं. बहुतेकांचं तीन महिन्यांपासून वर्षभरात पुष्कळ सुधारतं. त्यासाठी केगलचे व्यायाम असतात. वारा सरताना अडवतो तसं आत-वर ओढायचं, पाचेक सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. लघवी करता करता हा व्यायाम रोज करू नका, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आम्ही फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा कळलं की ह्यांनी दोन महिने चुकीचा स्नायू आवळला होता. उठण्याआधी, शिंकण्याआधी क्षणभर आवळायची सवय तिथेच लागली. चहा कमी केला. पाणी मात्र तोडू देऊ नका. ठिबकेल म्हणून माणसं पाणीच पीत नाहीत, मग लघवी गडद होते आणि जळजळ वाढते. वर्ष झालं आणि तरीही दिवसाला बरेच पॅड लागत असले तर त्यावरही ऑपरेशनं आहेत. आधार देणारी पट्टी बसवतात किंवा कृत्रिम झडप. सोसत बसू नये.

दुसरी गोष्ट तुम्ही आडून विचारली आहे, मी सरळ लिहिते. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना अगदी चिकटून जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांनी त्या नसा जपून ऑपरेशन करून दाखवलं, त्याआधी जवळजवळ प्रत्येकाची ताठरता जायची. पण नसा राखल्या तरी त्या ओढल्या-दुखावल्या जातात आणि सावरायला दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त घेतात. पाच महिन्यांत निकाल लावण्यात अर्थच नाही. तुमच्या यजमानांच्या एका बाजूच्या नसा राखल्या की दोन्ही, की काढाव्याच लागल्या, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

आणि एक. प्रोस्टेट आणि वीर्याच्या पिशव्या काढलेल्या असल्यानं वीर्य आता कधीच येणार नाही. पण सुखाची ती शेवटची लहर वेगळ्या वाटेनं येते. ती ताठरतेशिवायही येऊ शकते, कोरडी असली तरी. हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं! सगळंच संपलं असं हे धरून चालले होते आणि मीही. शेवटी एका फेरीत मीच डॉक्टरांना विचारलं. हे खाली बघत बसले होते, पण ऐकत होते. त्या क्षणी कधी थोडी लघवी सुटते, त्यालाही घाबरू नये. आधी लघवी करून यायचं, खाली टॉवेल घालायचा. लघवीनं तुम्हाला काही होत नाही. कॅन्सर तर संबंधातून लागतच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या जावेनं मला बाजूला घेऊन तेच विचारलं होतं.

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या आहेत, हवेच्या पोकळीवर चालणारा पंप आहे, इंजेक्शन आहे, सगळं हरलं तर आत बसवायचं इम्प्लांट आहे. गोळी मात्र दुकानातून परस्पर आणू नका. आपल्याकडे किती पुरुषांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते! ती किंवा त्या जातीचं हृदयाचं दुसरं औषध चालू असेल तर ही गोळी घेतल्यानं रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. ह्यांना गोळीनं पहिल्या वर्षी काहीच फरक पडला नाही, दुसऱ्या वर्षी थोडा पडला. पंप आणला होता. दोन महिने कपाटात पडून होता, मग वापरला. आधीसारखं झालं असं मी सांगणार नाही. वेगळं झालं आणि ते आमचं झालं.

यात माझंही शरीर होतं, त्याबद्दल कुणी विचारलं नाही. माझी पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती, कोरडेपणानं दुखायचं, आणि ह्यांच्या आजारपणात तो विषय बंद झाल्यावर मला आतून थोडी सुटका वाटली होती. त्याची मला फार टोचणी होती. ते ह्यांना सांगितलं त्या दिवशी ह्यांचा चेहरा एकदम सैल पडला. आपणच एकटे तोट्यात नाही, हे त्यांना कळलं असावं. मग मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, जेली आणि लावायचं क्रीम मिळालं. तुमचंही काही दुखत असेल तर जा, त्यांच्यासाठी थांबू नका.

‘आता या वयात काय करायचंय’ असं घरचे म्हणतील, कधी डॉक्टरही म्हणतील. काय करायचंय ते आपण ठरवतो. पाठीवर हात हवा असणं साठीला संपत नाही.

२०१८ च्या अखेरीला ह्यांचा पीएसए हळूहळू वर येत ०.२४ झाला, म्हणजे कॅन्सर परत डोकं वर काढतोय अशी शंका. मग शेक (रेडिएशन) घ्यायचं ठरलं, ३३ दिवस, आणि सोबत सहा महिने हार्मोन दाबायची इंजेक्शनं. शेकाच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. ज्याला लघवी धरवत नाही त्याला अर्धा लिटर पाणी पाजून नंबर येईपर्यंत बसवायचं. शेजारच्या बाकावर बसून मी ह्यांचा गुडघा दाबून धरायचे, आणि हे डोळे मिटून आवळून बसायचे. तेव्हा त्या केगलचा खरा उपयोग झाला.

इंजेक्शनांचे सहा महिने मात्र सगळ्यात जड गेले. त्या औषधानं पुरुषातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद होतं, म्हणजे इच्छाच जाते. प्रेम जात नाही, पण इच्छा इतकी पुसली जाते की माणसाला स्वतःचंच नवल वाटतं. वजन वाढलं, दंड बारीक झाले, टीव्हीवर काही लागलं तरी डोळे भरायचे. आणि वाफा! एका रात्री हे घामानं निथळत उठून बसले, म्हणाले, ‘मला ताप आलाय का बघ.’ कपाळाला हात लावला आणि कळलं. एकोणपन्नासाव्या वर्षी मी याच पलंगावर अशीच उठून बसले होते, आणि ह्यांनी ‘पंखा वाढव’ म्हणून कूस बदलली होती. ह्यांना ते आठवलं. अंधारात म्हणाले, ‘तुला असं किती वर्षं होत होतं?’ म्हटलं, ‘चार.’ काही बोलले नाहीत, माझा हात धरून बसले. सुती पंचा, उशाशी माठाचं पाणी, रात्री तिखट नाही, हे सगळे माझे उपाय मग ह्यांनी घेतले. इंजेक्शनं संपल्यावरही मूळ पदावर यायला बरेच महिने लागले. तुमच्याकडे ती चालू झाली तर रोजचं चालणं आणि वजन उचलायचे व्यायाम सोडू देऊ नका, स्नायू आणि हाडं त्यानंच टिकतात. हाडांची तपासणी करायची का, तेही विचारा.

तुमच्या मुलाला मात्र सांगा. वडिलांना हा कॅन्सर झाला असेल तर मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो. पंचेचाळिशीच्या आसपास त्यानं पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. आमच्या मुलाला ह्यांनी स्वतः सांगितलं, पॅडसकट.

एका गोष्टीत वाट बघू नका. यजमान जेवत नसतील, दिवसच्या दिवस पडून असतील, ‘मी असून काय उपयोग’ असं काही बोलत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच न्या. ते नको म्हणाले तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आत बोलवावं का. मी खूपदा बोलावलं, हे आले नाहीत. आतली गादी कापसाची होती, लग्नातली, ती ओली होईल ही त्यांची धास्ती होती. ते मला पुड्या सापडल्यावर कळलं. मग मी बोलावणं सोडलं आणि माझी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. ह्यांच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकली. पहिल्या रात्री म्हणाले, ‘तुझी पाठ दुखेल.’ दुखलीच. चौथ्या रात्री हे स्वतः मेणकापडाची घडी काखेत घेऊन उठले आणि म्हणाले, ‘चल आत.’