वाचक विचारतात : गंजाची वाकळ, माशीचे स्नायू

प्रश्न : सांगलीच्या गावभागातले पडके वाडे हा विषय घेऊन भिंतीला टांगायची वाकळ करते आहे. मांजरपाटावर कड्या-कोयंड्यांचा गंज उठवला, पण वर्षाच्या आतच तिथे कापड विरलं. शेवाळाचा हिरवाही साधत नाही.

उत्तर : कापड विरतं ते दोन कारणांनी. व्हिनेगरचं आम्ल सुतात राहून जातं. शिवाय गंजातलं लोह हवेच्या मदतीने सूत कुजवत राहतं. पहिलं पूर्ण थांबवता येतं, दुसरं फक्त मंदावतं.

आधी धुण्याचा सोडा घालून मांजरपाट पाऊण तास उकळा. खळ राहिली तर गंज वरवर बसतो आणि धुताना निघून जातो. मग व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन कापड भिजवा, लोखंड त्यात गुंडाळा, वरून प्लास्टिक. बारा तासांनी उघडून पाहा, चोवीस तासांपुढे नेऊ नका. गडद रंगाच्या मोहाने तीन-चार दिवस ठेवलेलं कापडच लवकर जातं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंज देत नाही, त्यावर वेळ घालवू नका. काढल्यावर दहा लिटर पाण्यात चार चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, दोन पाण्यांतून काढा आणि सुटे कण ब्रशने झाडा. ते राहिले तर शिवताना दोरा कापतात. गंजाचं ठिगळ टांगायच्या दांडीच्या नेफ्यात किंवा काठाला लावू नका. वजन मागच्या जुन्या लुगड्याच्या थरांनी पेलायला हवं.

हिरव्यासाठी आटपाडीकडच्या डाळिंबांची साल घ्या. 100 ग्रॅम कोऱ्या कापडाला 15 ग्रॅम तुरटीचं गरम पाणी द्या, मग 50 ग्रॅम वाळक्या सालीच्या काढ्यात तासभर ठेवा. पिवळा चढला की वेगळ्या बादलीत 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून पाच मिनिटं बुडवा. पिवळा शेवाळी होतो. हिराकस वाढवलं तर रंग काळवंडतो आणि कापड पुन्हा विरतं. हळद नको, ती उन्हाने उडते.

एक सुचवावंसं वाटतं. 2019 च्या महापुराची रेषा धावदोऱ्याने सगळ्या ठिगळांवरून एकाच उंचीवर न्या. ठिगळ बदललं तरी टाका तुटू देऊ नका. आणि वाड्यातलं लोखंड मालकाला विचारूनच उचला.

प्रश्न : जनुकं सगळ्या पेशींत तीच, मग माशीचा उडण्याचा स्नायू पायाच्या स्नायूपेक्षा वेगळा कसा? अकरावीच्या मुलांना दाखवता येईल का? (सातारा)

उत्तर : फळमाशीत हा निर्णय मुख्यतः ‘स्पाल्ट मेजर’ नावाचं जनुक घेतं, 2011 साली हे दाखवलं गेलं. कोषावस्थेत वाढणाऱ्या उडण्याच्या स्नायूत ते बंद केलं तर स्नायू पायासारखा घडतो आणि माशी उडत नाही. पायाच्या स्नायूत चालू केलं तर तो उडण्याच्या स्नायूसारखा घडतो. त्याच्या हाताखाली ‘अरेस्ट’ हे प्रथिन काम करतं. ते एकाच जनुकाच्या आरएनएची (प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकलेची) कापजोड वेगळी करवून वेगळी प्रथिनं मिळवून देतं. म्हणूनच पंख सेकंदाला सुमारे 200 वेळा हलतात, पण मज्जातंतूचा इशारा पाच-दहा वेळाच येतो. बाकीचं काम स्नायू ताणला गेल्यावर आपणच आकसून करतो.

वर्गात घरमाशी घ्या, फळमाशी फार लहान. नुकतीच मेलेली हवी, वाळलेली चुरते. छाती ब्लेडने मधोमध उभी चिरा. भिंगातून आडवे जाड पेळे दिसतील. एक पेळा ग्लिसरिनच्या थेंबात सुयांनी विंचरून 400 पट मोठा करून पाहा. शेजारी पायाचा स्नायू ठेवा. झाकणकाच जोरात दाबू नका, तंतू फुटतात.